तिठ्यावरची टिचकी

चांदपाशा नांदेडच्या इतवाऱ्यात राहतो. त्याला पाहिलेली माणसं थोडी, ऐकलेली माणसं दोन जिल्ह्यांत. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, सीटखाली ॲम्प्लिफायर, हँडलला सायकलच्या ट्यूबनं बांधलेला माईक आणि त्यामागं बसलेला अठ्ठावन्न वर्षांचा सडसडीत माणूस, अशी ही सगळी जुळणी. एका हातानं रिक्षा चालवत तो चाळीस वर्षं अलाउन्सिंग करत आलाय. खरा शब्द अनाउन्सिंग आहे, हे त्याला कळतं. पण नांदेडात जो अनाउन्सिंग म्हणतो तो आत्ताच बसमधून उतरलाय असं समजावं, असं त्याचं मत आहे. आणि त्याची मतं फार आहेत.

बरं मत मात्र कुणाविषयीच नाही. माईक हातात आला की फुंकर मारून आधी ‘हॅलो, हॅलो’ करणारे पुढारी त्याच्या लेखी अडाणी. रेकॉर्ड लावून गल्लोगल्ली फिरणारे कामचोर. लग्नाच्या हॉलात शेरोशायरी पाजळणाऱ्या सूत्रसंचालकांविषयी तर तो तोंडातलं पान थुंकल्याशिवाय बोलतच नाही. चाळीस वर्षांत माईकवर तो एकदाही हॅलो म्हणालेला नाही. ‘लक्ष द्या’ म्हणायचं आणि सांगायचं ते सांगून मोकळं व्हायचं, ही त्याची रीत.

त्याचा हा तुसडेपणा लोक खपवून घेत, कारण त्याचा आवाज खोटं बोलत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. कापडाच्या सेलचा शेवटचा दिवस म्हणजे शेवटचाच. दुकानदारानं मागाहून दिवस वाढवला तर पाशा म्हणायचा, आता दुसरा माणूस बघा. पोलिओचा डोस, मोहल्ल्यातली मय्यत, सप्त्याची पंगत, बाजारात हरवलेलं पोर, सगळं त्यानं सांगावं आणि लोकांनी ऐकावं. एका वर्षी गोदावरी फुगली. नदीकाठच्या वस्तीत सरकारी गाडी तासभर ओरडत फिरली, कुणी जागचं हललं नाही. मग पाशाची रिक्षा आली. ‘लक्ष द्या. पाणी येऊन राहिलं. उठा.’ एवढंच तो बोलला, आणि शिजत आलेली भाजी चुलीवर तशीच ठेवून बाया लेकरं घेऊन निघाल्या. चांदपाशाजवळ शेत नाही, दुकान नाही, घर भाड्याचं. त्यानं सांगितलं की लोक ऐकतात, ही एकच काय ती त्याची इस्टेट. तिचा त्याला माजही होता, ते झाकण्यात अर्थ नाही.

लातूरची टिचकी हे त्याचं सगळ्यात जुनं काम. टिचकी म्हणजे हिरव्या काचेच्या बाटलीतलं लिंबाचं थंड पेय. बूच उघडताना टिच् असा आवाज होतो म्हणून नाव टिचकी, इतकं सरळ. बसलिंगप्पांनी कारखाना काढला तेव्हा जाहिरातीची ओळ चांदपाशानंच जुळवली होती: ‘टिचकी प्या जरा, उन्हाला म्हणा जा घरा.’ त्या ओळीवर निलंग्यापासून भोकरपर्यंत सव्वीस उन्हाळे निघाले. बसलिंगप्पा शिकलेले नव्हते, पण लातूरच्या मिरच्या कशा हाताळायच्या आणि नांदेडची माणसं कशी वागवायची हे त्यांना कळत होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि कारखाना नातीकडे आला.

ही नात सृष्टी. पाचवीपासून पुण्याच्या हॉस्टेलात, पुढं तिथंच जाहिरातीचं शिक्षण. पोरगी वाईट नव्हती, पण चांदपाशाला तिचं बोलणंच सोसेना. ती ‘आहे’ म्हणताना शेवटचा ए सुद्धा पूर्ण उच्चारायची. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिनं फोन करून त्याला लातूरला बोलावलं. ‘काका, हॅलोविनची कॅम्पेन करतोय आपण. तुम्ही हवेच.’

चाळीस वर्षं हॅलो न म्हणता काढली आणि म्हातारपणी हॅलोविन नशिबी आलं, असं मनाशी म्हणत तो एसटीत बसला.

कारखान्यातल्या ज्या खोलीत बसलिंगप्पा बनियनवर बसून हिशेब करायचे तिथं आता एसी होता. भिंतीवर पडदा, पडद्यावर दात विचकणारं एक काशीफळ, म्हणजे लाल भोपळा. पुण्याहून एक एजन्सीवाला आला होता. पांढरेशुभ्र बूट, घोट्याच्या वर संपणारी विजार. त्यानं नाव सांगितलं होतं, पण चांदपाशानं ते ठेवून घेतलं नाही. कोपऱ्यात व्यंकटी मॅनेजर चहाचा कप धरून उभा होता. हा उदगीरकडचा माणूस बसलिंगप्पांच्या काळापासूनचा. मालक म्हणेल त्याला ‘हाव जी’ म्हणण्यात त्याची हयात गेली होती.

‘डांगर इकायचं हाय का टिचकी?’ पडद्याकडं बघत चांदपाशानं विचारलं.

एजन्सीवाला दिलखुलास हसला. मग त्यानं सांगितलं की एकतीस ऑक्टोबरला सगळं जग भुताचे कपडे घालून मजा करतं, लातूरच्या मॉलातसुद्धा प्लॅस्टिकच्या कवट्या आल्यात, आणि टिचकीनं मागं राहून चालणार नाही. त्याच्याजवळ विनोदी जाहिरातींच्या आयडिया होत्या. पहिलीत ड्रॅक्युला रक्तदान शिबिरात येतो, पिशवीकडं बघून जिभल्या चाटतो. नर्स त्याला टिचकी देते आणि तो रक्त विसरतो.

‘ड्रॅक्युला म्हंजी कोन्तं औषध?’ चांदपाशा म्हणाला. ‘बोंडअळीवरचं का? भोकरात हेच इचारतील.’

दुसरीत सगळ्या अंगाला पट्ट्या गुंडाळलेली ममी थडग्यातून उठते आणि टिचकी मागते.

‘हे तर मोटारसायकलवरून पडलेलं पेशंट दिसून राहिलं. लोक म्हंतील टिचकी पिऊन गाडी चालवली.’

तिसरीत झोंबींची झुंड एकमेकांना तुडवत टिचकीच्या टपरीकडं धावते.

‘निलंगा गाडी लागली की हे रोजच होतंय. त्यात हसायचं काय?’

सृष्टी तोंडावर हात धरून हसत होती. एजन्सीवालाही हसला आणि तिला म्हणाला, ‘काकांचा व्हॉइस एकदम रेट्रो आहे. आपण तो आयरॉनिकली वापरू.’ त्या शब्दाचा अर्थ चांदपाशाला ठाऊक नव्हता. पण बोलण्यातला सूर ओळखण्यावर ज्याचं आयुष्य गेलं त्याला शब्दकोश लागत नाही. या बुटाच्या माणसाला आपला आवाज हसण्यासाठी हवाय, हे त्याला लख्ख कळलं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तेवढ्यात सृष्टीनं वही उघडली. ‘काका, खरं सांगू? आम्हाला गावं कळत नाहीत. तुम्हाला कळतात. काय चालेल, काय अजिबात चालणार नाही, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू.’ आणि ती पेन धरून खरोखरच त्याच्याकडं बघत राहिली.

एखाद्याला या बोलण्यानं भरून आलं असतं. चांदपाशाला मात्र ती पोरगी या क्षणी सगळ्यात बावळट वाटली. लाखांचा कारखाना, आणि भुताचं काय करावं हे भोंगेवाल्याला विचारते! ठीक आहे म्हणाला मनात, भूतच पाहिजे ना, मग घ्या.

‘हडळ घ्या,’ तो म्हणाला. ‘उलट्या पायाची. तिनं टिचकी पिली, पाय झाले सरळ. आता बिचारीला घरचा रस्ता सापडंना.’ सृष्टी खदखदली. ‘मुंजा घ्या, पिंपळावरचा. जल्मभर लगीन न्हाई झालं. खालून सोयरीक आली तर म्हंतो, पोरगी नगं, टिचकी पाजा.’ एजन्सीवाल्यानं ‘हायपरलोकल’ असं काहीतरी लिहून घेतलं. ते जितके हसले तितकी चांदपाशाच्या मनात त्यांच्याविषयी किळस दाटत गेली. आपण यांची टर उडवतोय हे यांना कळतसुद्धा नाही! मग त्यानं शेवटचं काढलं.

‘आन् खरंच गाजवायचं आसंल तर हे पडद्यावरलं काशीफळच घ्या. नाकडोळे कोरा, आत दिवा लावा, वरून लाल रंग ओघळू द्या. बाजूला चार लिंबं. टिचकी लिंबाचीच हाय. एक काळी बावली, टाचण्या टोचून. सोबत भरलेली बाटली, फुकट. आन् एकतीस तारखेला दिवस मावळायला ठेवून द्या गावोगाव. चौकात नगं. तिठ्यावर.’

मराठवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल की हा उतारा झाला. घरातल्या आजारपणावरून, वाईट नजरेवरून ओवाळून लिंबू, बाहुली, कापलेलं फळ तीन वाटा मिळतात तिथं टाकतात, म्हणजे पीडा तिथंच राहते. ते ओलांडायचं नाही, त्यातलं काही उचलायचं नाही, खाणं-पिणं तर दूरच. वर त्या साली एकतीस ऑक्टोबरला दुपारपासूनच अमावस्या लागत होती, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. चांदपाशाला बाजार, जत्रा, उर्स आणि अमावस्या बारा महिन्यांच्या तोंडपाठ. त्याचा धंदाच त्यावर. आता कुणीतरी ओरडेल, ‘अहो काय बोलताय!’ असं धरून तो वाट बघत बसला. मग त्याला सगळ्यांच्या तोंडावर हसता आलं असतं.

ओरडलं कुणीच नाही. व्यंकटीच्या कपातला चहा बशीत सांडला. त्यानं चांदपाशाकडं पाहिलं, चांदपाशानं त्याच्याकडं पाहिलं, आणि व्यंकटीनं नजर खाली वळवली. एजन्सीवाला टाळ्या वाजवत होता.

‘तिठ्यावरच का, काका?’ सृष्टीनं विचारलं.

‘तिन्हीकडून लोक येतेत तिथं,’ चांदपाशा म्हणाला.

इथं त्याला सांगता आलं असतं. तिनं नेमका प्रश्न विचारला होता, समोर वही होती. पण त्याला मौज वाटत होती, आणि मौज सोडवत नव्हती. परतीच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत तो एकटाच हसत होता.

घरी त्यानं बायकोला सगळं रंगवून सांगितलं. बिलकीस त्याची बायको, तीस वर्षं शिवणाच्या मशीनवर बसून त्याचं बोलणं अर्धं ऐकणारी. या वेळी तिनं मशीन थांबवली.

‘और तुम बोले नहीं उनकू?’

‘लोग हसेंगे उनके उपर. हसने दो.’

‘बात कहाँ की कहाँ जाती, मालूम है ना तुमकू?’

त्यानं हात झटकला. आपण लोकांना ओळखतो, लोक मालकावर हसतील, आवाजावर कशाला हसतील, असा त्याचा हिशेब होता. त्या हिशेबानंच त्यानं एकोणतीस, तीस, एकतीस असे तीन दिवस नायगाव आणि भोकरच्या बाजूनं रिक्षा फिरवली. दुसऱ्या गाडीवर त्याचंच रेकॉर्डिंग निलंग्याकडं गेलं. ‘लक्ष द्या. एकतीस तारखेला दिवस मावळताना आपल्या गावच्या तिठ्यावर तुमच्यासाठी एक वस्तू ठेवलेली असेल. उचला आणि प्या.’ सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं.

मग अमावस्या लागली. कंपनीच्या पोऱ्यांनी चव्वेचाळीस गावांत काशीफळं मांडली आणि ते दिवाळीला घरी निघून गेले.

ज्या गावांत एकेकाच्या खिशात दोन-दोन फोन आहेत, ज्यांच्या सुना स्क्रीनवर मेंदीच्या डिझाइन बघतात आणि ज्यांची पोरं ड्रोननं फवारणी करतात, त्या गावांनी त्या संध्याकाळी जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. नायगावजवळच्या एका गावात तिठ्यापाशी ट्रॅक्टरांची रांग लागली, कारण पहिला ओलांडेना. शेवटी सगळे तीन मैलांचा वळसा घालून गेले. भोकरकडं दोन पोरांनी बाटली उचलून गटागटा प्यायली, तर आईबापांनी त्यांना बदडून काढून कडूनिंबाच्या पाण्यानं आंघोळी घातल्या. पदवीधर मास्तरांनीसुद्धा आपला शास्त्रावर विश्वास आहे असं सांगत सांगत मोटारसायकल मागं वळवली. एका शेळीनं मात्र काशीफळ आवडीनं खाल्लं. ती चार दिवसांनी पोट फुगून मेली, आणि शेळ्या पोट फुगून नेहमीच मरतात हे ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

भाऊबीजेपर्यंत दुकानदारांनी टिचकीचे क्रेट उचलून अंगणात ठेवले. काहींनी त्यांवर गोमूत्र शिंपडलं. हसलं कुणीच नाही. मोबाइलवर एक चित्रफीत फिरू लागली: ओघळणारं काशीफळ, काळी बाहुली, आणि मागून चांदपाशाचा स्वच्छ, भरदार आवाज. उचला आणि प्या.

मालकाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. एजन्सीवाला तर पुण्यात होता आणि फोन उचलत नव्हता. लोकांना ओळखीचा होता तो आवाज. विधानसभेचं इलेक्शन तोंडावर होतं, तीन उमेदवारांच्या प्रचाराला चांदपाशा ठरलेला होता. तिघांचीही माणसं एकापाठोपाठ एक येऊन गेली. शेवटचा म्हणाला, ‘पाशाभाई, राग नका मानू. तुमचा आवाज आला की बाया दारं लावून घेऊन राहिल्या. आमच्या निशाणीला बट्टा कशाला लावून घ्यायचा?’ चांदपाशानं त्याला मूर्ख म्हटलं, त्याच्या उमेदवाराला मूर्ख म्हटलं, दारं लावणाऱ्या सगळ्या जिल्ह्याला मूर्ख म्हटलं. ते खरंही होतं. पण खरं असून उपयोग नव्हता.

आठ दिवसांनी सृष्टीनं स्वतःची एक चित्रफीत टाकली. केस विस्कटलेले होते. ‘तिठ्यावर ठेवलं ती चूक माझी आहे. मला आपल्याकडच्या गोष्टी माहीत नव्हत्या. पाशाकाकांनी फक्त आम्ही दिलेलं वाचलं. त्यांच्यावर राग धरू नका.’

चांदपाशानं ते दोनदा बघितलं. म्हणजे तिला अजून कळलं नाही की ती कल्पना आपण थट्टेनं दिली होती. तिला वाटतं म्हाताऱ्याच्याही लक्षात आलं नाही. आणि आयडिया कुणाची होती हे सुद्धा तिनं सांगितलं नाही. ‘काय पोरगी हाय,’ असं तो म्हणणार होता, नेहमीच्या सुरात, पण सूर लागला नाही.

बिलकीसनं मशीनवरून मान वर न करता विचारलं, ‘उस बच्चीने तुम्हारा नाम बचाया. तुम क्या बचाए?’

डिसेंबरात सृष्टीचा फोन आला. ती प्रत्येक बाजारात टेबल मांडून उभी राहणार होती, लोकांसमोर स्वतः टिचकी पिणार होती. नायगावच्या बाजाराला रिक्षा घेऊन याल का, असं तिनं विचारलं. भोंगे बंद असले तरी चालेल, नुसते शेजारी उभे राहा, म्हणाली. चांदपाशा गेला. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

ती उन्हात उभी राहून एकेक बाटली फोडून प्यायची. लोक लांबून बघायचे. कुणी म्हणायचं, हिला काही होत नाही, हिनंच केलंय ना सगळं. सातवी बाटली पिताना तिला उचकी लागली तेव्हा भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. चांदपाशाला त्या बायांचा संताप आला. मग आठवलं की आपणही असेच हसत अहमदपूरपर्यंत गेलो होतो.

दुपारी एक म्हातारी घाईघाईनं रिक्षापाशी आली. लक्ष्मीबाई तिचं नाव, तेलंगणाच्या शिवेवरच्या कुठल्या तरी वाडीची. तिच्या कानावर काशीफळाची गोष्ट गेलेली नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं की नायगावच्या बाजारात माणूस हरवलं तर भोंगेवाल्या पाशाला सांगायचं.

‘आमचे मालक हरवलेत, बाबा. ग्यानोबा नाव. त्यास्नी आता ध्यानात ऱ्हात न्हाई, घरचं नाव बी सांगता येत न्हाई. सकाळधरनं गोळी न्हाई, पानी न्हाई. लई ऊन हाय रे.’

चांदपाशानं महिन्यानंतर माईकचं बटण दाबलं. ‘लक्ष द्या. ग्यानोबा नावाचे वृद्ध गृहस्थ बाजारात हरवलेले आहेत. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी पटका...’

आवाज तोच होता, चाळीस वर्षांचा, एक शब्द इकडचा तिकडं नाही. धान्याच्या मोंढ्याच्या कोपऱ्यावरून तो वळला तसं बायांनी लेकरं आत ओढली. एका दुकानदारानं शटर निम्मं खाली घेतलं. तो आणखी सावकाश बोलला, आणखी स्पष्ट बोलला. बाजाराला तीन फेऱ्या मारल्या. लक्ष्मीबाई मागच्या सीटवर बसून दोन्हीकडं मान वळवून बघत होती आणि विचारत होती, ‘कुनी येईना कसं रे? तुजं तर समदे ऐकत्यात म्हनत्यात.’

चहावाला शेवटी गाडीजवळ आला. ‘पाशाभाई, तुम्ही ‘लक्ष द्या’ म्हणलं की पुढचं कुणी ऐकूनच घेत न्हाई. दुसऱ्याच्या हाती द्या. म्हातारं मरंल.’

तासाच्या वर वेळ गेला होता. चांदपाशा रिक्षा टेबलापाशी घेऊन आला. त्यानं हँडलची ट्यूब सोडायला घेतली. ती सुटता सुटेना, दातानं तोडावी लागली. आणि माईक सृष्टीपुढं धरला.

‘बेटा, तू बोल.’

‘मी? मला येत नाही, काका.’

‘म्हातारा हाय. बोल.’

तिनं माईक घेतला आणि पहिल्यांदा फुंकर मारली. ‘हॅलो. हॅलो. नमस्कार. एक आजोबा हरवले आहेत. त्यांचं नाव ग्यानोबा आहे. त्यांनी धोतर घातलेलं आहे...’ धोतर घातलेलं ऐकून बाजार हसला. ‘...आणि गुलाबी टोपी, नाही, पटका. त्यांना काही आठवत नाही. आजी इथे रडत आहेत. प्लीज, जरा आजूबाजूला बघता का?’

असलं भिकार अलाउन्सिंग चांदपाशानं जन्मात ऐकलं नव्हतं. आणि लोक दुकानांतून बाहेर येत होते. कोण पोरगी बोलून राहिली म्हणून बघायला येत होते, पण येत होते. बघता बघता भाजीवाल्या उठल्या, हमाल पोत्यांच्या थप्प्यांमागं डोकावू लागले. दहाव्या मिनिटाला ओरडा झाला. ग्यानोबा सोयाबीनच्या शेडमागं, वजनकाट्याच्या सावलीत, पटका मांडीवर ठेवून बसले होते. ओठ सुकून पांढरे पडले होते, पण जिवंत होते. लक्ष्मीबाईनं आधी त्यांना दोन शिव्या दिल्या आणि मग कुणी तरी आणलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडाला लावला.

सृष्टी रिक्षाच्या कडेला टेकून बसली. ‘बरं झालं तुम्ही माईक दिला, काका,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, अगदी सहज, मनात कुठलाही आडपडदा नसल्यासारखं तिनं विचारलं, ‘त्या आजी म्हणत होत्या, तुमचं सगळे ऐकायचे. मग त्या काशीफळाचं तुमच्या लक्षात कसं आलं नाही हो?’

चांदपाशाजवळ उत्तरं होती. वय झालं, विसरलो, हिंदूंच्या गोष्टीतलं मला काय कळणार. यातलं कुठलंही तिनं मानलं असतं. समोर ग्यानोबा पाण्याचा घोट घशाखाली उतरत नाही म्हणून धापा टाकत होते, आणि तांब्या धरलेली लक्ष्मीबाई अजून अधूनमधून चांदपाशाकडं विश्वासानं बघत होती.

‘आलं होतं,’ तो म्हणाला. इतक्या हळू की तिला वाकून ऐकावं लागलं. ‘तवाच आलं होतं.’

‘मग?’

‘मजा वाटली.’

तिनं त्याच्याकडं पाहिलं, त्या दिवशी वही उघडून पाहिलं होतं तसं नव्हे. मग तिनं माईक सीटवर ठेवला, ओढणी नीट केली आणि ग्यानोबांना दवाखान्यात कोण नेतंय ते बघायला ती गर्दीत गेली. गर्दीनं तिला वाट करून दिली.